पहिल्या दिवशी की दोन महिन्यांनी?

“माझा रिपोर्ट निगेटिव्ह आहे, मावशी. मग बाळाला जन्मल्या दिवशीच हेपटायटिस बीची सुई कशाला?”

हा प्रश्न माझ्या भाचीचा. ती फ्रीमॉन्टला राहते, तिला आठवा महिना लागलाय. मी इथेच बे एरियात एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये बरीच वर्षं रक्ताच्या तपासण्या केल्या, त्यामुळे घरात कुणाचाही रिपोर्ट आला की तो आधी माझ्याकडे येतो आणि त्यावरची वादावादीही माझ्याशीच होते. हा वाद एका बैठकीत संपला नाही. फोनवर झाला, तिच्या स्वयंपाकघरात झाला, एकदा गाडीत झाला. इथे तो सलग करून मांडते आहे. तिची बाजू मी हलकी केलेली नाही. ती हुशार आहे, वाचून बोलते, आणि तिच्यासारखा विचार करणाऱ्या अनेक मुली आज अमेरिकेतल्या मराठी घरांत आहेत.

निमित्त ताजं होतं. अमेरिकेत प्रत्येक बाळाला ही लस द्यावी अशी शिफारस १९९१ पासून आहे. पुढे २००५ मध्ये पहिला डोस हॉस्पिटलमधून घरी सोडण्याआधी द्यायचं ठरलं आणि २०१८ मध्ये जन्मल्यापासून २४ तासांच्या आत. जून २०२५ मध्ये आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांनी लसीकरणाचा सल्ला देणाऱ्या एसीआयपी या समितीचे सगळे, म्हणजे १७ सदस्य काढले आणि नवे नेमले. या नव्या समितीने ५ डिसेंबर २०२५ रोजी ८ विरुद्ध ३ मतांनी ठरवलं, की आई निगेटिव्ह असेल तर जन्मल्याबरोबरच्या डोसचा निर्णय आईवडिलांनी डॉक्टरांशी बोलून घ्यावा आणि तो डोस द्यायचा नसेल तर पहिली लस दोन महिन्यांच्या आधी देऊ नये. त्याच महिन्यात सीडीसीने, म्हणजे सरकारच्या रोगनियंत्रण संस्थेने, ते स्वीकारलं. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स, म्हणजे बालरोगतज्ज्ञांची संघटना, आपल्या सल्ल्यावर ठाम राहिली: २४ तासांच्या आत. कॅलिफोर्निया, ओरेगन, वॉशिंग्टन आणि हवाई या चार राज्यांच्या आरोग्य आघाडीनेही तेच सांगितलं.

“म्हणजे दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतात,” भाची म्हणाली. “मग निदान मला विचार तरी करू दे.”

“कर की. कशाच्या जोरावर करतेस ते सांग.”

“हा आजार रक्तातून पसरतो आणि शरीरसंबंधातून. माझं बाळ यातलं काय करणार आहे? एकच धोका होता, माझ्याकडून होण्याचा. तो तपासून झाला. गरोदरपणात रक्त घेतलं, एचबीएसएजी निगेटिव्ह आलं. आता दोन महिने त्याला जरा मोठं होऊ दे. दूध पिऊ दे, वजन वाढू दे. मग बाकीच्या लसींबरोबर हीही देऊ. मी लस नकोच म्हणणाऱ्यांपैकी नाही, मावशी. मी फक्त ‘कधी’ असं विचारतेय.”

‘कधी’ हाच खरा प्रश्न होता, आणि तो रास्त होता. माझं उत्तर विषाणूच्या स्वभावापासून सुरू झालं, कारण ते कळल्याशिवाय पहिल्या दिवसाचा आग्रह समजत नाही.

“मोठ्या माणसाला हेपटायटिस बी झाला तर त्याचं शरीर झगडतं. डोळे पिवळे होतात, माणूस महिनाभर झोपून राहतो, आणि शंभरातल्या पंच्याण्णव जणांचं शरीर विषाणू बाहेर काढून टाकतं. नवजात बाळाचं उलटं असतं. त्याची प्रतिकारशक्ती या विषाणूला परका मानतच नाही. ताप नाही, कावीळ नाही, रडणं नाही. बाळ छान दूध पितं, आणि शंभरातल्या नव्वद बाळांच्या यकृतात तो विषाणू कायमचा मुक्काम करतो. वर्ष ते पाच वर्षांच्या मुलात हे प्रमाण साधारण पंचवीस ते पन्नास टक्क्यांवर येतं. म्हणजे जितकं लहान, तितकी ही गाठ पक्की. लहानपणी असा कायमचा संसर्ग झालेल्यांपैकी साधारण चौथा माणूस पुढे यकृत आकसून किंवा यकृताच्या कर्करोगाने अकाली जातो. टेनोफोव्हिर, एंटेकॅव्हिर ही औषधं विषाणूला दाबून ठेवतात, पण बहुतेकांना ती वर्षानुवर्षं घ्यावी लागतात. समूळ बरं करणारं औषध अजून हाती नाही.”

“हे मला मान्य आहे,” ती म्हणाली. “पण हे सगळं संसर्ग झाला तर. तो होणार कुठून, ते सांग ना.”

“आधी तुझ्या रिपोर्टकडे बघू. तो कितव्या आठवड्यातला?”

“दहाव्या.”

“म्हणजे त्याला सहा महिने होत आले. तुझ्याबाबतीत त्यानंतर काही घडलं असेल असं मला अजिबात वाटत नाही, तुझा कागद मीही पाहिलाय. पण नियम तुझ्या एकटीसाठी केलेला नसतो. मी लॅबमध्ये बसून पाहिलंय, डॉक्टरला सरफेस अँटिजेन, म्हणजे एचबीएसएजी, हवं असतं आणि फॉर्मवर सरफेस अँटिबॉडीची खूण होते. एकाचा अर्थ संसर्ग आहे, दुसऱ्याचा अर्थ संरक्षण आहे. कागदावर दोन्ही ओळी जवळजवळ सारख्या दिसतात. एका क्लिनिकमधून दुसऱ्या हॉस्पिटलात जाताना ‘पॉझिटिव्ह’ची नोंद हरवते. काही बायका तपासणी न होताच प्रसूतीला येतात. आणि बाळाला आईकडून संसर्ग होतो तो जन्म होताना. त्यानंतर लस आणि तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन अशी दोन्ही बारा तासांच्या आत दिली, तर बहुतेक बाळं वाचतात. उशीर केला तर ती संधी जाते. कागद चुकला तरी बाळ वाचावं म्हणून हा डोस पहिल्या दिवशी ठेवलाय.”

“चुकीच्या कागदाच्या भीतीने लाखो बाळांना सुई?”

मग मी तिला १९९९ सांगितलं. हा प्रयोग या देशाने एकदा करून पाहिलाय हे तिला माहीत नव्हतं, आणि फारसं कुणी सांगतही नाही. त्या वर्षी जुलैत लसींमधल्या थायमेरोसाल या पाऱ्याच्या संयुगाबद्दल शंका निघाली. खबरदारी म्हणून सांगण्यात आलं, की आई निगेटिव्ह असेल तर जन्माचा डोस पुढे ढकलला तरी चालेल. ज्यांच्या आया पॉझिटिव्ह आहेत त्या बाळांना तो द्यायचाच होता. प्रत्यक्षात काही हॉस्पिटलांनी सगळ्यांचाच थांबवला. मिशिगनमध्ये एका बाईचा रिपोर्ट पॉझिटिव्ह होता, पण तो हॉस्पिटलला चुकीचा कळवला गेला. त्या हॉस्पिटलने जन्माचा डोस बंद केला होता. बाळाला लस मिळाली नाही आणि तिसऱ्या महिन्यात ते यकृत निकामी होऊन दगावलं. थायमेरोसाल नसलेली लस त्याच वर्षी सप्टेंबरपर्यंत आली, तरी कित्येक हॉस्पिटलांना जुनी पद्धत परत सुरू करायला खूप काळ लागला. आज नवजात बाळांना देतात त्या लसीत थायमेरोसाल नसतं.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “एक बाळ गेलं हे वाईटच. पण तू मला युरोपचं सांग. डेन्मार्कमध्ये सगळ्या बाळांना ही लस देतच नाहीत, फक्त आई पॉझिटिव्ह असेल तर देतात. इंग्लंडमध्ये आठव्या आठवड्यापासून देतात, तीही २०१७ मध्ये सुरू झाली. तिथली मुलं काय धोक्यात आहेत?”

ही तिची सगळ्यात भक्कम बाजू होती. तिला मी उडवून लावलं नाही, आणि कुणी लावू नये. लसीचं वेळापत्रक हे देशादेशात वेगळं असतं आणि त्याला कारणं असतात. डेन्मार्कमध्ये जवळपास प्रत्येक गरोदर बाईची तपासणी होते, ती एकाच सरकारी व्यवस्थेत होते, आणि पॉझिटिव्ह आईचं बाळ त्या व्यवस्थेच्या नजरेतून सुटत नाही. लोकसंख्या लहान, संसर्गही कमी. इंग्लंडमध्येसुद्धा पॉझिटिव्ह आईच्या बाळाला पहिल्याच दिवशी लस देतात. अमेरिकेत नोकरी बदलली की विमा बदलतो, विमा बदलला की डॉक्टर बदलतो, आणि आईचे कागद तीन ठिकाणी विखुरलेले असतात. डेन्मार्कचं वेळापत्रक आणायचं तर डेन्मार्कची व्यवस्थाही आणावी लागेल. ती इथे नाही. जागतिक आरोग्य संघटना सगळ्या देशांना पहिल्या २४ तासांतला डोस सुचवते आणि शंभराहून अधिक देश तो देतात. त्यात आपला भारत आहे.

“शिवाय,” मी म्हटलं, “तू युरोपकडे बघतेस, पण तुझं घर डॅनिश नाही. तुझ्या घरी बाळंतपणाला कोण येणार आहे?”

“सासूबाई आणि सासरे. सांगलीहून. मग जानेवारीत आई-बाबा.”

“त्यांची तपासणी झालीये?”

ती माझ्याकडे बघत राहिली.

माझ्या मते या सगळ्या वादाचा गाभा इथे आहे, आणि वॉशिंग्टनमधल्या कुठल्याही समितीच्या चर्चेत तो आपल्या घरांइतका स्पष्ट दिसणार नाही. भाचीचा रिपोर्ट तिच्या एकटीचा आहे. बाळ मात्र पहिले सहा महिने चार-पाच माणसांच्या हातात वाढणार आहे. भारतात हेपटायटिस बीचा कायमचा संसर्ग असलेली माणसं जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने तीन कोटींच्या आसपास आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांना आपल्याला तो आहे हे ठाऊक नाही. आपले आईवडील ज्या पिढीतले आहेत त्या पिढीला ही लस मिळालीच नाही. पहिली लस अमेरिकेत १९८१ साली आली. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने भारतात स्वस्त लस १९९७ साली आणली, आपल्या पुण्याच्या सीरमने त्यानंतर. सरकारी लसीकरणात ती देशभर पोचायला २०११ उजाडलं.

आणि त्या पिढीने सुया कशा घेतल्या ते मला आठवतं. दवाखान्यात डॉक्टरांच्या टेबलाजवळ स्टोव्ह असायचा, त्यावर स्टीलच्या पसरट डब्यात काचेच्या सिरिंजा आणि सुया उकळत असायच्या. गर्दी वाढली की पाण्याला उकळी फुटायची वाट बघितली जायची नाही. चिमट्याने सिरिंज उचलली, पुढच्या पेशंटला टोचली. ताप आला की सुई, अशक्तपणा आला की सुई. लोक स्वतःच मागायचे. विषाणू त्या वाटेने किती घरांत गेला असेल याची मोजदाद कुणी केलेली नाही. २००९ साली गुजरातेत मोडासा भागात हेपटायटिस बीची मोठी साथ आली आणि कित्येक माणसं मेली, तेव्हा पुन्हा पुन्हा वापरलेल्या सिरिंजांवर बोट ठेवलं गेलं. म्हणजे ही गोष्ट फार जुनीही नाही.

“पण मांडीवर घेतल्याने तर होत नाही ना?” भाचीच्या आवाजात काळजी होती.

“अजिबात नाही. मांडीवर घेणं, पापे घेणं, एका ताटात जेवणं, खोकला, अंगावरचं दूध, यातल्या कशानेही होत नाही. हे तू नीट लक्षात ठेव, नाहीतर आपण उगाच म्हाताऱ्या माणसांना लांब ठेवायला लागू. रक्त लागतं. पण किती? डोळ्याला दिसणार नाही इतकं. आणि हा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या थेंबातसुद्धा, सात दिवस जिवंत राहतो.”

“घरात कुठून येणार रक्त?”

“तुझे सासरे मधुमेही आहेत ना? रोज सकाळी बोट टोचून साखर बघतात. त्यांची ती पेनसारखी टोचणी, ती पट्टी, पुसलेला कापूस, हे कुठे ठेवतात? मागच्या खेपेला मी तुमच्याकडे आले होते तेव्हा डायनिंग टेबलावर, फळांच्या टोपलीशेजारी होतं. इथल्या वृद्धाश्रमांत साखर तपासायच्या साधनांतून हेपटायटिस बीच्या साथी पसरल्याच्या नोंदी आहेत. सासूबाई बाळाला तेल लावून न्हाऊ घालणार. थंडीत त्यांच्या बोटांना भेगा पडतात, भांडी घासून त्या उकलतात, आणि बाळाची नाळ अजून वाळायची असते. नखं वाढली की घरातलं एकच नेलकटर सगळ्यांना. यातली एकेक शक्यता बारीक आहे हे मी कबूल करते. पण अमेरिकेत सार्वत्रिक लस येण्याआधी दरवर्षी हजारो लहान मुलांना हा संसर्ग होत असे, आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्या मुलांना तो आईकडून झालेला नव्हता. घरातल्या, शेजारच्या, पाळणाघरातल्या कुणाकडून तरी झाला होता. कुणाकडून, ते बहुतेक वेळा कळलंच नाही. आईच्या रिपोर्टवर अवलंबून राहणाऱ्या धोरणाला ही मुलं दिसत नाहीत.”

“आणि जावळ?” मी विचारलं.

“ते आम्ही पुढच्या उन्हाळ्यात सांगलीला...” ती म्हणता म्हणता थांबली.

जावळ काढायला न्हावी घरी येतो. बाळ रडतं, मान हलवतं, वस्तरा कुठेतरी लागतोच. कान टोचायला सोनार येतो, सोन्याची तार आरपार जाते. पूर्वी बाराव्या दिवशी टोचत, आता इथली मुलं भारतात पहिल्यांदा जातात तेव्हा दोन्ही संस्कार एकाच दौऱ्यात उरकले जातात. हे करू नये असं मी म्हणत नाही. नवं ब्लेड, निर्जंतुक सुई हे सांगावंच. पण ‘बाळ काय सुया टोचून घेणार आहे?’ हा युक्तिवाद आपल्या घरात टिकत नाही. आपलं बाळ सुया टोचून घेतं, तेही पेढे वाटून. त्याआधी तिसरा डोस झालेला असावा, आणि तो वेळेवर व्हायचा असेल तर पहिला वेळेवर झालेला बरा. तिन्ही डोसांचं गणित असं आहे: पहिला जन्मल्यावर, दुसरा महिना-दोन महिन्यांनी, तिसरा सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान, पण २४ आठवड्यांच्या आत नाही. पहिला जितका लांबेल तितकं पुढचं घसरतं.

“बरं, आता सुईबद्दल बोलू,” भाची म्हणाली. हे तिने मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. “एवढ्याशा अंगाला सोसेल का? अ‍ॅल्युमिनियम असतं म्हणे त्यात.”

“असतं. पाव मिलिग्रॅम. प्रतिकारशक्तीला जागं करायला. लसीतला खरा भाग म्हणजे विषाणूच्या वरच्या आवरणातलं एक प्रथिन, ते यीस्टमध्ये तयार करतात. मात्रा किती, तर ब्रँडप्रमाणे पाच किंवा दहा मायक्रोग्रॅम. त्यात जिवंत विषाणू नाही, मेलेलाही नाही, म्हणून लसीमुळे हेपटायटिस होऊच शकत नाही. मांडी दुखते, थोडी लाल होते, एखाद्या बाळाला कणकण येते. अंगावर एकदम गांधी उठून श्वास अडकण्यासारखी गंभीर अ‍ॅलर्जी साधारण अकरा लाख डोसांमागे एकदा येते, आणि ती हॉस्पिटलमध्ये आली तर उपचार हाताशी असतात.”

“फ्रान्समध्ये म्हणे यामुळे मज्जातंतूंचा आजार झाला होता.”

“तशी भीती पसरली होती. मल्टिपल स्क्लेरोसिसची. १९९८ मध्ये फ्रान्सने शाळांतली मोहीम थांबवली. मग मोठमोठे अभ्यास झाले, आणि अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००२ मध्ये पुरावे तपासून तसा संबंध नाकारला. शंका काढली गेली ते चांगलं झालं. तपासली गेली, हे त्याहून चांगलं.”

दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही मी तिला सांगितलं. तैवानमध्ये शंभरातली पंधरा ते वीस माणसं हा विषाणू बाळगून होती. १९८४ मध्ये त्यांनी पॉझिटिव्ह आयांच्या बाळांपासून सुरुवात केली, १९८६ पासून सगळ्या बाळांना लस दिली. पुढच्या दहा-बारा वर्षांत सहा ते चौदा वर्षांच्या मुलांतला यकृताचा कर्करोग निम्म्यावर आला. एखाद्या लसीने कर्करोग कमी झाल्याचा तो पहिला ठोस पुरावा. इथे अमेरिकेतच अलास्कात तिथल्या मूळ रहिवाशांमध्ये हा आजार जगात सर्वाधिक असणाऱ्या जागांपैकी एक होता. नवजात बाळांपासून लस सुरू झाली आणि तिथल्या मुलांतला यकृताचा कर्करोग जवळजवळ दिसेनासा झाला. देशभरात १९९० ते २०१९ या काळात मुलं आणि तरुणांतला नवा हेपटायटिस बी ९९ टक्क्यांनी घटला. लुईझियानाचे सिनेटर बिल कॅसिडी हे सत्ताधारी रिपब्लिकन पक्षाचे, पण ते स्वतः यकृताचे डॉक्टर. बॅटन रूजच्या शाळकरी मुलांना फुकट लस देण्याची मोहीम त्यांनी राजकारणात येण्याआधी चालवली होती. डिसेंबरच्या निर्णयाला त्यांनी उघड विरोध केला. ज्याने अशी यकृतं हाताळली आहेत त्याचं मत या बाबतीत मी पक्षाच्या वर मानते.

“एक मान्य कर,” भाची म्हणाली. “बाळ झालं की कुणी आपल्याला विचारतच नाही. मी टाके घेऊन पडलेली असणार, आणि नर्स येऊन म्हणणार, व्हिटॅमिन के झालं, डोळ्यात मलम झालं, आता लस. सही करा. माझ्या बाळाचे पहिले काही तास माझे असू नयेत?”

हे तिचं म्हणणं मला पूर्ण पटलं, आणि लसीच्या बाजूने बोलणाऱ्या माझ्यासारख्यांनी ते ऐकलं पाहिजे. जबरदस्तीचा वास आला की आई मागे सरते. खरं तर नियम २४ तासांचा आहे, पहिल्या तासाचा नाही. आई निगेटिव्ह असेल तर बाळाला आधी छातीवर घ्या, दूध पाजा, बापाला बघू द्या, मग लस द्या. सुई टोचताना बाळ अंगावर पीत असेल तर त्याला कमी दुखतं, हे कुठलीही नर्स सांगेल. सही करण्याचा कागद आठव्या महिन्यातच मागून घरी वाचता येतो. बाळ दोन किलोपेक्षा कमी वजनाचं असेल आणि आई निगेटिव्ह असेल, तर डॉक्टर स्वतःच महिनाभर किंवा घरी सोडेपर्यंत थांबतात, कारण इतक्या लहान बाळात लस पुरेशी लागू पडत नाही. म्हणजे थांबण्याला जिथे वैद्यकीय कारण आहे तिथे थांबणं नियमातच आहे. आई पॉझिटिव्ह असेल किंवा तिचा रिपोर्टच नसेल तर मात्र वजन कितीही असो, बारा तासांच्या पुढे जायचं नाही. आणि नवजात बाळाची ती नेहमीची कावीळ, ज्यात दिव्याखाली ठेवतात, तिचा हेपटायटिस बीशी संबंध नाही. तिच्यामुळे लस थांबवायची नसते.

“ठीक,” ती म्हणाली. “दुसऱ्या फीडनंतर, माझ्या मांडीवर असताना. तसं मी बर्थ प्लॅनमध्ये लिहिते. पण सासूबाईंना रक्त तपासून या असं मी कुठल्या तोंडाने सांगू? त्यांना वाटेल, सून आपल्याला रोगी समजते.”

या प्रश्नावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ बोललो, आणि त्याचं उत्तर कुठल्याच सरकारी पत्रकात नाही. आपल्याकडे पांढरी कावीळ, म्हणजे हाच आजार, म्हटलं की लोक आवाज खाली आणतात. लग्न मोडतं, नोकरी जाते, अशी भीती असते. म्हणून मी तिला सांगितलं, तू फक्त त्यांनाच सांगू नकोस. तुझ्या आईबाबांनाही सांग, नवऱ्याची आणि तुझीही पूर्ण तपासणी करून घे, आणि म्हण, बाळाला भेटणारे आपण सगळेच करतोय. सीडीसीने २०२३ पासून अमेरिकेतल्या प्रत्येक प्रौढाला आयुष्यात एकदा ही तीन भागांची तपासणी करायला सांगितलं आहे. एचबीएसएजी, म्हणजे आता विषाणू आहे का. अँटी-एचबीएस, म्हणजे संरक्षण आहे का. अँटी-एचबीसी, म्हणजे पूर्वी कधी गाठ पडली होती का. सांगलीत कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये एचबीएसएजी होतं, आणि २०१८ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी हॉस्पिटलांत तपासणी आणि औषधही मोफत मिळतं.

“आणि पॉझिटिव्ह आलं तर? तिकीट रद्द करायचं?”

“मुळीच नाही. येऊ दे त्यांना. त्यांचा वस्तरा, ब्रश, नेलकटर, साखरेची टोचणी वेगळी ठेवायची, जखम झाली तर पट्टी लावायची, आणि बाकी सगळं नेहमीसारखं. उलट त्यांचंच भलं होईल. वेळेवर यकृताचा डॉक्टर मिळेल, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी होईल. कित्येक माणसांना हे यकृत संपल्यावर कळतं. तुझ्या बाळामुळे त्यांना आधी कळलं, असं होईल.”

तिने त्याच रात्री सांगलीला फोन लावला. सासूबाई रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, की उपाशीपोटी जायचं का? नाही, या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही.

भाची आजही म्हणते की निर्णय आईबापांचा असावा, आणि मीही म्हणते. पण निर्णय घेताना फक्त स्वतःचा रिपोर्ट बघू नका. या वर्षी अमेरिकेत ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे त्यांना माझी विनंती आहे: पहिला डोस २४ तासांच्या आत द्या. गावाहून येणाऱ्या आजी-आजोबांची आणि तुमची स्वतःची एचबीएसएजी तपासणी बाळ येण्याआधी करून घ्या. ज्यांना संसर्ग नाही आणि संरक्षणही नाही, त्यांनी स्वतः लस घ्या. ती मोठ्यांनाही मिळते. आणि तिसऱ्या डोसची तारीख आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा, भारताची तिकिटं काढण्याआधी.